बर्फाच्या मुक्कामाची यादी

अल्मोडा, वैशाख वद्य पंचमी

सौ. गुलाबताईस, धाकट्या बहिणीचा, भागिरथीचा पाया पडून नमस्कार.

आम्ही दोघं बरी आहोत. थंडी आता सोसते. तिकडे कारंजा गावी ऊन फार असेल. तुमचा गुडघा कसा आहे?

बर्फाच्या डोंगराकडे पंधरा दिवस तंबू ठोकून राहायचं ठरलंय, हे मागं कळवलं होतं. यांचे जंगलखात्याचे साहेब आणि मड्डमही येणार. तंबू किती, घोडी किती, पीठ-मीठ किती, सगळी यादी मी केली. यांनी ती आपल्या अक्षरात उतरवून दिली. साहेब खूश झाले.

माणसांची यादी मात्र यांनीच केली. तीत माझं नाव नाही, ताई.

विचारलं तर म्हणाले, "तिथं जेवन रात्री राह्यते. तू त दिवस मावळल्यावर खात नाईस. उपाशी राह्यशीन."

"मी आधीच जेवून घेईन नं," मी म्हटलं.

"साहेबापुढं हे नेम कायले मिरवतेस?"

आपला जैनांचा हा नेम हे स्वतः दौऱ्यावर मोडतात. वीस वर्षं मी ते सासूबाईंपासून लपवलं. माझा नेम मात्र यांच्या बरा कामी आला.

खिडकीतून बर्फ रोज दिसतो. एकदा तो पायाखाली यावा, एवढंच मनात होतं. सोमवारी सगळे निघतील. यांचं अंथरूण मीच बांधून ठेवलंय.

आईला हे पत्र वाचून दाखवू नका. भागिरथी बर्फावर चालून आली, एवढं तोंडी सांगा. मला ते खोटं लिहवत नाही.

तुमची
भागिरथी