डाव्या पंखावरची पट्टी

१७ जानेवारी १९८४, मंगळवार

पुन्हा नाही म्हणाले! डॉक्टरचं नाव काढलं की बाबांचा चेहरा दार लावल्यासारखा होतो. "थंडी हाये ना. थंडीत सगळ्याइचेच हात कापतात." — माझे नाही कापत. दिवाळीपासून पाहते आहे. उजवा हात. बशी वाजते म्हणून आता ते चहा बशीशिवाय घेतात. आई असती तर ओढत नेलं असतं.

१८ जानेवारी, बुधवार

रविवारी मैदानावर हातानं बनवलेली छोटी विमानं उडवायची आहेत. बाबांचं नवं विमान तयार आहे, पांढरंशुभ्र. वर मढवली आहे त्यांच्या भाच्यानं जर्मनीहून आणलेली प्लॅस्टिकची फिल्म — इस्त्री फिरवली की लाकडाला चिकटते, आच वाढली की आकसते. आज तिच्यावर नारिंगी पट्ट्या लावायच्या होत्या.

इस्त्री तापली तरी बाबा बसूनच. आता काय? "दिवा पिवळा होऊ दे, मंग." संध्याकाळी घरोघरी दिवे लागले, आमचा बल्ब मंदावला, तेव्हा कुठे पट्टी हातात घेतली. जुनी सवय. इस्त्रीच्या बटणाशी माझ्याच नेलपॉलिशचा ठिपका आहे, त्याच्यापुढे फिरवायचं नाही. "वरची पट्टी चिकटली पाहिजे, पण खालच्या फिल्मले समजता कामा नये का इस्त्री येऊन गेली."

मग हात. डाव्या पंखावरची पट्टी वाकडी बसली. त्यांनी पाहिली, मी पाहिली. "दुरून दिसत नाही," म्हणाले.

दिसते.

१९ जानेवारी, गुरुवार

वर्गात शिकवायला लागले तर, "बाई, हा धडा कालच झाला." मुली हसल्या. मीही हसले.

२० जानेवारी, शुक्रवार

चंपतराव आले. वीज केंद्रातले बाबांचे सोबती, रविवारी विमान हातातून सोडणार तेच. पंख पाहून म्हणाले, "काय गा गोपाळराव, पट्टी लावली का मुंगी चालवली?" बाबाही हसले. रात्री जेवले नाहीत.

परवा मैदानभर लोक हसतील — माझ्याच्यानं पाहवणार नाही. इकडून तिकडे फिरते आहे नुसती.

२१ जानेवारी, शनिवार

शाळा अर्धा दिवस. बाबा दुपारी झोपले होते. ती पट्टी सोलून काढली, नवी कापली, लावली. इस्त्री बरोबर ठिपक्यावर. रेघ मारल्यासारखी सरळ! फिल्म ढोलकीसारखी ताणून बसली. इतकी ताठ बाबांच्या हातूनही कधी बसली नव्हती.

संध्याकाळी त्यांनी पट्टीवरून बोट फिरवलं.

"तू लावली?"

"हो."

"काहून वं?"

का, ते सांगायचं सोडून मी इस्त्रीची वायर गुंडाळत बसले. ते आत निघून गेले. डॉक्टरचा विषय आज काढलाच नाही.

२२ जानेवारी, रविवार

पडलं.

उडवण्याआधी पंख डोळ्यासमोर आडवा धरून कडेनं पाहायचा, सरळ आहे ना — हा बाबांचा नेम. धरला. हात थरथरला, पंखही. पुन्हा धरला. चंपतराव म्हणाले, "पोरगी दाखवाची आहे का? किती पाहता गा!"

"पाहिलं," बाबा म्हणाले.

विमानाला दोन लांब तारा, त्यांची मूठ बाबांच्या हातात. ते मधे उभे, विमान भोवती गोल. सुरुवातीच्या फेऱ्या सुरेख गेल्या! मग विमान आत कलंडलं, तारा सैल पडल्या, नाक मातीत.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. बाबा विमानाकडे गेलेच नाहीत. हाताकडे पाहत राहिले.

२३ जानेवारी, सोमवार

संध्याकाळी तुकडे आवरायला घेतले. डावा पंख तेवढा धड राहिला होता. सहज डोळ्यासमोर धरला — पिळलेला! मागची कड वर ओढलेली, नेमकी माझ्या पट्टीपाशी.

तेवढ्यात बल्ब पिवळा झाला. आणि समजलं. संध्याकाळी विजेचा दाब उतरतो; दिवा मंद तेव्हा इस्त्रीही मंद. भर दुपारी ठिपका तोच, आच भलतीच. पट्टी ताठ बसली नव्हती, खालची फिल्म आकसली होती. बाबांचा हात नव्हे. मी!

सांगायला पंख घेऊन बाहेर आले. बाबा ओसरीवर होते. मागे न पाहताच बोलले —

"शामला, उद्या जाऊ डॉक्टरकडे. आता लपवून काय होते."

पंख मी पाठीमागे धरला.

२४ जानेवारी, मंगळवार

सकाळी पंख बंबात घातला. त्याच पाण्यानं आंघोळ करून बाबा तयार झाले. रिक्षा आली आहे.