जमिनीचा रकाना

४ जून
अर्ज परत आला! साथीत नुकसान झालेल्या शेतकऱ्यांना सरकार मदत देतंय, म्हणून भरला होता. वर लाल पेनानं — "जमीन नाही." नाहीच आहे! बावन्न मधपेट्या आहेत. होत्या. सफरचंदांच्या बहरात दुसऱ्यांच्या बागांत ठेवते. एकवीस वर्षं. ही शेती नाही तर काय, भातुकली?

५ जून
लिहून ठेवते, नाहीतर पुढं मलाच खोटं वाटेल. बहर संपला की पेट्या टेम्पोत घालून हद्दीपलीकडच्या सूर्यफुलांवर न्यायच्या. यंदा लॉकडाऊन. दुधाला पास, भाजीला पास, माश्यांना नाही. नाक्यावरचा पोलीस हसला — "बाई, त्यांना पंख आहेत ना?" इथं एक फूल उरलं नव्हतं. घरातली साखर संपेपर्यंत पाक करून घातला, आम्ही चहा बिनसाखरेचा प्यायलो. तरी एकतीस पेट्या गेल्या. झाकण काढलं तर माश्या मेणाच्या रिकाम्या घरांत डोकं खुपसून मेलेल्या. शेवटचा थेंब शोधत.

त्या दिवशी रडले. आता नाही.

९ जून
कृषी कार्यालय. कारकून मास्क हनुवटीवर ठेवून म्हणाला, "नुकसानीचा पुरावा?" पिशवी उघडली आणि टेबलावर ओतली. सव्वादोन किलो मेलेल्या माश्या! तो खुर्चीसकट मागे. आतून अधिकारी मॅडम आल्या. वाटलं, हाकलतात आता. त्यांनी एक माशी तळहातावर घेतली, बराच वेळ पाहिली. "शेतीपूरक धंद्यालाही मदत आहे," म्हणाल्या. "पण बागायतदार संघाच्या अध्यक्षांची शिफारस लागेल."

अध्यक्ष म्हणजे माझे मोठे दीर. झालं!

१० जून
भाऊजींनी पायरीवरच उभं केलं. "घरातल्या बायकांचे छंद आता सरकारनं पोसायचे?" त्यांच्याच बागेत माझ्या बारा पेट्या असतात — फुकट! त्यांची स्वतःची मदत पहिल्याच यादीत आली.

घरी हे म्हणाले, "दादाशी वाकडं नको. जाऊ दे." हे संघाच्या गोदामात नोकरीला, म्हणजे दादांच्याच हाताखाली. त्यांच्यापुढं आजवर कधी मान वर केली नाही. ह्यांना जेवण गेलं नाही. मी मात्र पोटभर जेवले. भांडायला ताकद लागते.

११ जून
मॅडमना फोन केला. दुसरी वाट आहे! अध्यक्ष नाही म्हणाले तर संघाच्या पाच सभासदांच्या सह्या चालतात.

१४ जून
एकच सही. तीही मागच्या दारानं — "अध्यक्षांच्या कानावर नको हं." म्हटलं, नाही घालत, पण नाव मोठ्या अक्षरांत लिहा.

बाकीच्यांनी ताकास तूर लागू दिली नाही.

१५ जून
आज अजिजी बंद. सरळ विचारलं — "पुढच्या बहराला पेट्या हव्यात ना?"

तीन सह्या!

१७ जून
सात झाल्या. शेवटची ओढ्यापलीकडच्या बागवाल्या आजींची. "तुझ्या पेट्या आल्या नव्हत्या त्या साली माझ्या झाडांना नुसती पानंच पानं." अंगठा नको म्हणाल्या. एकेक अक्षर काढत पूर्ण नाव लिहिलं, मग टिंब दिलं.

२ जुलै
मदत जमा झाली. निम्म्या पेट्याही येणार नाहीत त्यात. पण मंजुरीच्या पत्रावर माझ्या नावापुढं छापलंय — शेतकरी. आणि खाली बारीक अक्षरांत, नोंदणी झालेल्या शेतकऱ्याला संघाचं सभासद होता येतं, निवडणूकही लढवता येते.

तीनदा वाचलं. ह्यांनाही वाचून दाखवलं. ते बाहेर जाऊन उभे राहिले.

६ जुलै
सभासद झाले, आणि संघाच्या कार्यालयात लगेच निवडणुकीचा अर्जही भरला. अध्यक्षपदासाठी, भाऊजींच्या विरुद्ध. "अर्जावर साक्षीदार कोण?" तिथल्या कारकुनानं विचारलं, तर मी एकटीच. तेवढ्यात हे आत आले. गोदामाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या, आणि सही केली.