सरावाची म्हातारी

बारामती, ३ फेब्रुवारी २०२५

ती. छबूआत्यास उत्कर्षाचा शि. सा. न. वि. वि.

मी कामाला आहे त्या वृद्धाश्रमात आजी-आजोबांचं करायला बाई घेणार आहेत. राहायची सोय तिथंच. मुलाखत येत्या सोमवारी. फोनवर सांगितलं असतं, पण तुमचा फोन तुझ्या नवरोबांच्या, दादासोमामांच्या खिशात, आणि वाजला की स्पीकरवर! म्हणून करिमाभाभी बांगड्या घेऊन वरकुट्याला येतात त्यांच्याकडं हे देते.

सासूबाई लकव्यानं पडल्यापासून सगळं तूच करतेस, काम शिकवायला नको. बोलणं तेवढं शिक. अंगाला हात लावायच्या आधी विचारायचं. घास घालताना वसकायचं नाही. घरीच सराव कर.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी उत्कर्षा

वरकुटे, ६ फेब्रुवारी

चि. उत्कर्षास आत्याचा आशीर्वाद.

चौथीपत्तुर शिकले, अक्षराला हसू नगं.

तुझं ऐकून म्हातारीला इचारलं, कूस बदलू का. ती बघतच राहिली. मग म्हणाली, आज एवढी गोड का, भातात काय कालवलंस? आता काय सांगू तिला! पण दुसऱ्या दिशी कण्हली न्हाय. वाटीभर मऊ भात पुरा खाल्ला. काल जाऊ घास घालाया बसली, तर तोंडच उघडंना. माझ्याच हातचं पायजे म्हणं. सुटायला सराव केला आन् आणखीच अडकले बघ.

सोमवारी बारामतीला येता यावं म्हणून ह्यांना सांगितलंय, तुझी आई आजारी हाय. तिला म्हणावं, रागावू नगं. तरी मुक्काम न्हाय म्हणाले, सांजच्या आत घरी ये. आश्रमातली खाट माझी एकटीची आसंल ना? तेवढं इचारून ठेव.

तब्येतीला जप.

आत्या

बारामती, १० फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझी एसटी सुटली आणि आश्रमाच्या मॅडमनी हो सांगितलं! मुलाखतीत ज्यांना भरवायला दिलं त्या आजोबांना तू शेवटी 'आ करा' म्हणून दटावलंसच, पण ते हसत जेवले. खाट एकटीची आहे, मी बघून आले. गुरुवारपर्यंत कळव. निघ आता.

उत्कर्षा

वरकुटे, १२ फेब्रुवारी

चि. उत्कर्षास आशीर्वाद.

सोमवारी घरी आले तर म्हातारी सकाळपासनं उपाशी, वल्ल्यात पडलेली. घरात तीन माणसं, एकानं चादर वढली न्हाय. काल तुझा निरोप मिळाला तसं ह्यांना सगळं सांगून टाकलं. म्हणाले, आईचं कोण करणार? ह्यांच्या दोन हातांना काय झालंय, ते सांगत न्हाईत. वर म्हणाले, गेलीस तर परत उंबरा चढायचा न्हाय.

म्हातारी ऐकत हुती. तिनं पदर धरला. मला वाटलं, आता रडंल, जाऊ नगं म्हणंल. तर म्हणाली, मला बी तितं ने. ह्यांच्यापाशी टाकून जाऊ नगं. पोटचा लेक समोर उभा! हे गोठ्याकडं निघून गेले.

लई राग आला मला तिचा. दार उघडलं तर हीच पाठीवर. मग चादर बदलली. इचारूनच बदलली.

मॅडमला इचार, कामाच्या बाईची सासू ठिवून घेत्यात का. व्हय म्हणाल्या तर लिही. न्हाय म्हणाल्या तर कागद खराब करू नगं. करिमाभाभीकडं नुसत्या बांगड्या धाड, मी भरून घेईन.

तुझी, अजून हितंच असलेली,
छबूआत्या