बापाकला 'तू' म्हटलं म्हणून

प्रिय दादा,

तुझा राग निवला असेल असं समजून लिहीत नाहीये. माझाच निवलेला नाही, म्हणून लिहितेय. अल्बम पुढच्या महिन्यात येतोय, त्याआधी आपल्या माणसांना ऐकवावा म्हणून कार्योकाकांचं कॉफीचं दुकान मागून घेतलं होतं. नऊ गाणी, सगळी माझी, मागे कुठली कंपनी नाही; स्वयंपाकघरात गाद्या टांगून दोन वर्षं रेकॉर्ड केलेली. तू सोलो शहराहून बाटिकचा शर्ट घालून आलास, मला केवढं बरं वाटलं! आणि पाचव्या, आपल्या वडिलांवरच्या गाण्याच्या दुसऱ्याच कडव्याला उठून चाळीस माणसांसमोर म्हणालास, "बापाकला 'तू' म्हणतेस? लाज कशी वाटत नाही?" चपला घालून चालता झालास, बशीतला टेंपेसुद्धा तसाच टाकून. अरे, माझी अब्रू वेशीवर टांगलीस!

वर परवा वहिनीकरवी निरोप: ते गाणं काढ, नाहीतर बापाकना जाऊन हजार दिवस होतील त्या दिवशीच्या प्रार्थनेला घरात पाऊल टाकू नकोस. वा रे वा! वडील काय तुझ्या एकट्याचे होते?

मला क्रोमो येत नाही असं वाटतं तुला? चाळीस वर्षं शाळेत ती आदराची बोली शिकवणाऱ्या मास्तरांची मुलगी आहे मी. आठवतं ना, लहानपणी पाहुण्यांसमोर मी ऐटीत "मी भोजन करून आल्या" म्हटलं होतं, मोठ्यांसाठीचा शब्द स्वतःलाच लावून? तू पोट धरधरून हसलास. बापाकनी मला बरोबर शब्द पन्नास वेळा लिहायला लावला. मोठेपण दुसऱ्याला द्यायचं असतं, आपण घ्यायचं नसतं, म्हणाले. हात दुखला, पण विसरले नाही.

शेवटचे चार महिने त्यांच्याजवळ मी होते. तू दर रविवारी यायचास, दारातच वाकायचास, अस्खलित क्रोमोत तब्येत विचारायचास, निघायचास. लोक म्हणायचे, मुलगा असावा तर असा! आणि बोलणी कुणाला? मला. गिटार बडवते, आजाऱ्यापाशी मोठ्यानं हसते. हसायचे तेही, दादा. ते कुणी ऐकलं नाही.

गाणं तू अर्ध्यात सोडलंस. शेवटी त्यांचा आवाज आहे, मी फोनवर घेतलेला: "माझी आई गेल्यापासून मला कुणी 'तू' म्हटलं नाही गं. सगळे वाकतात, जवळ कुणी बसत नाही. तू म्हण." अल्बममध्ये एवढंच आहे. पुढचं मी कापलं. पुढे ते म्हणतात, "थोरल्यालाही सांग. जमायचं नाही त्याला, पण सांग." त्यानंतर दोन रविवार आले. दोन्ही वेळा तू दारात वाकलास, ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मी चहा टाकायला आत गेले. नाही सांगितलं मी. काहीतरी माझं एकटीचं हवं होतं मला. तो निरोप आज पोचवतेय, अख्खं रेकॉर्डिंग सोबत आहे. गाणं काढणार नाही, आणि हजाराव्याला येणार म्हणजे येणार. त्या दिवशी कबरीवर दगड बसवताना एकदा म्हण त्यांना 'तू'. मी लांब उभी राहीन.

अजून रागावलेली, तरी तुझीच,
लारास