ड्रायव्हरच्या बाजूचा गंज

२६ ऑक्टोबर, रविवार
आजपासून गाडीच्या कामाची नोंद ठेवणार. या घरात शिस्त म्हणून जी काही आहे ती माझ्याकडे आहे.

पार्श्वभूमी. गाडी वीस वर्षांची, चंदेरी. मंगलाच्या नावावर. ती सरकारी दवाखान्यात सिस्टर होती, तिच्या पगारातून घेतली. चालवतेही तीच. पण गाडीची तांत्रिक जबाबदारी पहिल्यापासून माझी.

ड्रायव्हरच्या बाजूला गंजाचे तीन फोड. एक दाराच्या खालच्या कडेला, दोन मागच्या चाकावरच्या कमानीत. रुपयाएवढे. भाऊबीजेला निफाडला गेलो तेव्हा मंगलाच्या भावानं, धनराजनं, विचारल्याशिवाय एका फोडावर अंगठा दाबला. पापुद्रा खाली पडला. म्हणाला, पेठ रोडला पुंजा म्हणून पेंटर आहे, दाजी, त्याच्याकडे टाका, चार दिवसांचं काम.

हा माणूस द्राक्षं पिकवतो. पत्र्यावर बोलायचा अधिकार याला कोणी दिला?

मी अंबडच्या कंपनीत एकतीस वर्षं क्वालिटी कंट्रोलला होतो. पत्र्याचे लाखो पार्ट माझ्या नजरेखालून गेले. मी रिजेक्ट केलेल्या मालाबद्दल तिथे अजून बोलतात. पुंजाला चार दिवस लागत असतील तर मला दोन पुरतील. येत्या शनिवार-रविवारी संपवतो.

२८ ऑक्टोबर, मंगळवार
पुंजाचं गॅरेज पाहून आलो. फक्त अभ्यास म्हणून.

पत्र्याची शेड. मोजमापाचं एकही साधन नाही. हा इसम डोळे मिटून पत्र्यावरून तळवा फिरवतो आणि म्हणे त्याला खड्डा कळतो. आमच्या कंपनीत असल्या माणसाला गेटच्या आत घेतला नसता.

मी काही विचारलं नव्हतं तरी सांगू लागला. पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासायचं, आणि घासलं त्याच दिवशी प्रायमर मारायचा. "रातभर उघडा नाय ठेवायचा साहेब. एवढंच सांभाळा."

फुकट सल्ला देत होता. सल्ल्याची लायकी त्यालाच ठाऊक असणार.

१ नोव्हेंबर, शनिवार
सामान आणलं. दुकानदार तीन नंबरचे पॉलिश पेपर देत होता, आधी जाड, मग मध्यम, मग बारीक. माल खपवायच्या युक्त्या. मी सगळ्यात जाडच घेतला, तोच सगळ्यात जास्त घासतो.

अकराला सुरुवात. एकपर्यंत रुपयाचा गंज जेवणाच्या ताटाएवढा झाला. म्हणजे गंज आत लपला होता आणि माझ्यामुळे उघडकीला आला. पुंजानं नुसतं वरवर रंगवून दिलं असतं.

जेवलो. जरा पडलो. उठलो तेव्हा उजेड गेलेला. प्रायमर उद्या.

मंगला म्हणाली, उद्या गाडी लागेल. दर बुधवारी आणि रविवारी ती निफाडला जाते. तिच्या आईला, धोंडाबाईंना, शुगर आहे, पायाला जखम आहे, तिचं ड्रेसिंग मंगला करते. मी समजावलं की उघड्या पत्र्यावर रस्त्याची धूळ बसली तर सगळं काम वाया. ती बरं म्हणाली. उद्या बसनं जाईल. एका दिवसाचा प्रश्न.

२ नोव्हेंबर, रविवार
सकाळी पाहिलं तर घासलेला पत्रा पुन्हा तांबूस. दव पडलं होतं. पूर्वी नाशिकला असलं दव पडत नसे.

पुन्हा घासलं. प्रायमरच्या डब्याचं झाकण वाकलं, उघडेना. दुकान रविवारी बंद. माल बनवणाऱ्यांना लाज राहिलेली नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार
मंगला निमाणी स्टँडवरून बसनं गेली. मी म्हटलं, तेवढंच चालणं होतं, गुडघ्याला चांगलं. ती पिशवी उचलून निघाली. म्हणजे पटलं असावं.

९ नोव्हेंबर, रविवार
पत्र्याची मजबुती तपासण्यासाठी कमानीत स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहिला. आरपार गेला. ही टेस्ट घेतल्याबद्दल मीच माझं अभिनंदन केलं. दुसऱ्या कोणाला सुचली नसती.

भोकाला जाळी लावून पुट्टी भरायची ठरवली. डब्यावर लिहिलंय, हार्डनर वाटाण्याएवढा घाला. मी चमचाभर घातला, ताकद वाढावी म्हणून. पुट्टी वाटीतच दगड झाली. पत्रा आत अडकला, म्हणजे पुट्टी लावायचा पत्रा. वाटी मंगलाची होती. स्टीलची. फेकली, तिला सांगितलं नाही.

नवीन वेळापत्रक केलं. पंधरा तारखेला काम संपतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार
पहिल्या मजल्यावरचा दिनेश खाली आला. कॉम्प्युटरवर बसून पैसे कमावणारी जमात. म्हणे काका, याचे व्हिडिओ असतात, आधी बघा. मी विचारलं, तू किती पत्रे घासलेस आजवर? एकही नाही म्हणाला. विषय संपला.

आज डाव्या बाजूचं दारही घासून काढलं. तिथे गंज नव्हता. पण उद्या येणारच नाही कशावरून? आम्ही कंपनीत याला प्रिव्हेंटिव्ह अॅक्शन म्हणायचो. त्यामुळे वेळापत्रक थोडं पुढे गेलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार
मंगला निफाडला गेली नाही. गुडघा सुजलाय. बसची पायरी उंच असते म्हणते. धनराजच्या बायकोला फोनवर ड्रेसिंग कसं करायचं ते समजावत होती. बराच वेळ. मी खालून दोनदा हाक मारली, टेप धरायला माणूस हवा होता. आली नाही.

तिला माझ्या कामाचं गांभीर्य अजून कळलेलं नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार
रंग!

बाकी गाडी वर्तमानपत्र चिकटवून झाकली आणि दोन्ही बाजूंना स्प्रे मारला. दुकानदार रंगाचा कोड विचारत होता, इंजिनाजवळच्या पट्टीवर लिहिलेला असतो म्हणे. चंदेरी म्हणजे चंदेरी, त्यात कोड कसला. मी नजरेनं डबा उचलला. माझी नजर म्हणजे एकतीस वर्षं.

सुकल्यावर रंग अॅल्युमिनियमच्या पातेल्यासारखा दिसतोय. उन्हात बदलेल.

वर्तमानपत्र ओल्या रंगाला चिकटलं. ओढून काढलं तर बोनेटच्या कडेला ‘त्वरित भाड्याने देणे आहे’ हे उलट्या अक्षरांत उमटलं. लांबून दिसत नाही.

दिनेशच्या काळ्या स्कूटरवर बारीक चंदेरी ठिपके आले. मी त्याला म्हटलं, असा फिनिश लोक पैसे देऊन करून घेतात. तो हसला नाही. या पिढीला विनोद कळत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार
मंगला गुडघ्याला पट्टा बांधून बसनं गेली. आल्यावर म्हणाली, आईच्या पायाचा रंग चांगला वाटत नाही, हे दोन-चार दिवसांत गाडीचं आटपेल का, तिला नाशिकला दाखवायला आणायचंय. मी म्हटलं, नक्की. वीस टक्के काम राहिलंय.

धनराजकडे पिकअप आहे, पण ती बागेच्या कामात, आणि म्हाताऱ्या माणसाला पिकअपमध्ये कुठे कोंबायचं. आपलीच गाडी बरी. यावर आमचं दोघांचं एकमत झालं. असं क्वचित होतं.

२९ नोव्हेंबर, शनिवार
ज्याची भीती होती तेच. कमानीतली पुट्टी निघाली, अखंड वडीसारखी. सामानच भिकार.

पण मी आज मोठं काम केलं. मागचं चाक काढलं, गाडी विटांवर घेतली, कमान आतून भरली. चाकाचे नटही गंजले होते, ते केमिकलच्या बादलीत भिजत घातले. मग दाराच्या कडेपासून कमानीपर्यंत सगळीकडे पुट्टीचा एकच जाड थर ओढला. एक रेघ कुठे दिसत नाही. पुंजानं येऊन पाहावं.

सुकायला चोवीस तास. कोणीही हात लावायचा नाही, असं पाटीवर लिहून लावलं.

३० नोव्हेंबर, रविवार
आठला धनराजचा फोन. धोंडाबाईंना रात्रीपासून ताप, पायाची बोटं काळी पडलीत. मंगला किल्ली घेऊन खाली आली.

ड्रायव्हरचं दार उघडेना. काल मी दार आणि बॉडी यांच्या मधल्या फटीतही पुट्टी भरली होती. त्यामुळेच तर इतकं एकसंध दिसत होतं. मंगलानं हँडल तीनदा ओढलं. मग विटा पाहिल्या. मग पाटी वाचली.

मी म्हटलं, अर्ध्या तासात चाक बसवतो. बसवलंही असतं. पण नटांची बादली सकाळी झाडणाऱ्या कलाबाईंनी गटारात ओतली होती. त्यांना म्हणे घाण पाणी वाटलं. असली माणसं कामाला ठेवल्यावर दुसरं काय होणार.

मंगला ओरडली नाही. तिनं फोन लावला आणि एवढंच म्हणाली, "धनराज, पिकअप रिकामी कर. गादी टाक. आईला नाशिकला आण, मी दवाखान्यात जाऊन थांबते." मग रिक्षात बसून गेली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी दुपारी छिन्नीनं दार उघडलं. रंग दाराबरोबर आला.

३ डिसेंबर, बुधवार
धोंडाबाईंची दोन बोटं काढली. अंगठा वाचला. सगळे उगाच एवढे गंभीर झालेत.

डॉक्टर म्हणाले, आठ दिवस आधी आणायला हवं होतं. डॉक्टर हे सगळ्यांनाच म्हणतात. त्यांना तेच शिकवतात.

मी दवाखान्यात गेलो नाही. हाताला थिनरचा वास येतो, पेशंटला त्रास. मंगला तिथेच राहते. घरी शांतता आहे, काम व्हायला हरकत नाही. झालं नाही.

६ डिसेंबर, शनिवार
सकाळी पुंजा टोइंगची गाडी घेऊन दारात. मंगलानं फोन केला होता. मला विचारलं नाही.

मी त्याला चौदा मुद्द्यांची लेखी यादी दिली. त्यानं ती घडी करून खिशात ठेवली. मग तळवा फिरवला, बोटानं टकटक केलं. म्हणाला, "साहेब, गंज थोडाच व्हता. आता पुट्टीच लय हाय, पत्रा कुठं हाय ते शोधावं लागंल."

मी विचारलं, चार दिवस लागतील ना? आठवडा म्हणाला. म्हणजे याचा अंदाज पहिल्यापासून चूक होता. हे मी धनराजला सांगणार आहे.

१२ डिसेंबर, शुक्रवार
गाडी तयार झाल्याचा निरोप आला. मंगलाला सवड नव्हती, म्हणून तपासायला मी गेलो. तयारीनं गेलो: टॉर्च, भिंग, खडू.

उजवी बाजू. चाळीस मिनिटं पाहिली. कुठे जोड कळेना, रंगात फरक कळेना. इतकं निर्दोष काम मला संशयास्पद वाटतं.

डाव्या बाजूला मात्र दोष सापडला. दारावर ओघळ, खरखरीत फिनिश, रंग पातेल्यासारखा. सहा ठिकाणी खडूनं गोल केले आणि पुंजाला बोलावलं. इतर गिऱ्हाईकंही होती. बरं झालं म्हटलं, त्यांनाही कळू दे.

पुंजा गोलांकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "ती बाजू बाईंनी सांगितलीच नव्हती साहेब. तिथं माझा हात नाय लागला."

त्या दाराचं माझ्या डोक्यातून गेलं होतं.

त्यानं ओला बोळा आणून गोल पुसले. लोकांकडे पाठ करून पुसले. म्हणाला, सोमवारनंतर घेऊन या, तेही करून देतो. मी टॉर्च खिशात घातला. तो तसाच चालू होता, हे घरी आल्यावर कळलं.

१४ डिसेंबर, रविवार
धोंडाबाईंना डिस्चार्ज. मंगलानं पुंजाकडून गाडी आणली. पुढच्या सीटवर धोंडाबाई, पायाखाली उशी. मागे मी, शेजारी पिशव्या, मांडीवर त्यांचा नवा वॉकर. तो डिकीत मावत नव्हता.

चांदोरी गाव आलं. मग धोंडाबाईंनी मान वळवायचा प्रयत्न केला, वळेना, तेव्हा समोर काचेकडे बघतच बोलल्या.

"जावईबापू, गाडी लय झाक झाली. मंगल दर खेपंला सांगायची मला. म्हनायची, मी बसनं येते कारन ते तुझ्यासाठी गाडी नीट करून राह्यलेत. आईच्या पायाला धक्का नको म्हनून रातंदिस त्याच्याच मागं हायेत. लय कष्ट घेतले तुम्ही."

मंगलानं गिअर बदलला. आरशात पाहिलं नाही.

मी म्हटलं, हो. मग म्हटलं, नाही. मग एक बस आडवी आली आणि तिच्या हॉर्नमध्ये दोन्ही गेलं असावं. धोंडाबाई डोळे मिटून पडल्या होत्या.

मंगला खड्डे चुकवत चालवत होती. मी निफाडपर्यंत वॉकर दोन्ही हातांनी धरून बसलो, वाजू नये म्हणून.