बोर्डावर पहिला नंबर

४ मार्च
खालच्या कोर्टाने माझा दावा फेटाळला. जिन्यातल्या चपलांच्या कपाटाने वाट अडत नाही म्हणे. कपाट समोरच्या दारातल्या दादाचं, म्हणजे माझ्या सख्ख्या थोरल्या भावाचं. म्हणून काय झालं? अपील करणार. एकतीस वर्षं कोर्टाच्या अपील शाखेत कारकुनी केली आहे. मला शिकवता?

७ मार्च
वकील म्हणाले, अपिलात दम नाही, भावाशी बोला. वकील बदलला.

९ मार्च
दुसरेही तेच म्हणाले. दोघांचं संगनमत दिसतंय. आता मीच माझा वकील. बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती, मान काही वर केली नाही. भारावली असावी.

१० मार्च, सकाळी ६
संकल्प: रोज दहा पानं. मोजून दहा.

दुपारी ४
शीर्षक झालं. अक्षर सुरेख आलंय.

१ एप्रिल
एकशे बारा पानं. तीन रंगांत अधोरेखन. नोकरीत असताना असं जाडजूड, रंगीबेरंगी अपील आलं की आम्ही न वाचताच ओळखायचो, गडी बुडाला. पण ते लोक अडाणी. माझी गोष्ट वेगळी. दाखल केलं.

१० एप्रिल
आरशासमोर पाऊण तास भाषण. आरशाने एकही प्रश्न विचारला नाही, म्हणजे मुद्दे बिनतोड.
संध्याकाळी तीन मजले चढताना गुडघ्यांनी जीव काढला. नेहमीप्रमाणे कपाटावर जरा टेकलो. टेकायला बरं आहे, एवढं कबूल. पण तत्त्व ते तत्त्व.
वहिनींनी बायकोकडे माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. तडजोडीची चाल! दादाशी दीड वर्ष अबोला आहे. आधी त्याने बोलावं.

२२ एप्रिल
उद्याच्या सुनावण्यांची यादी बोर्डावर लागली. माझा पहिला नंबर! आमच्या वेळी ज्यात काही राम नाही अशी अपिलं सगळ्यात वर लावायचो, चहाच्या आत निकालात निघावीत म्हणून. ती पद्धत मीच पाडली. माझ्या खुर्चीवर आता माझाच शागीर्द बसतो. पठ्ठ्याने गुरूचा मान राखला.

२३ एप्रिल, ११.०७
फेटाळलं. पुकारा ११.०३ ला झाला होता.
दादा आला नव्हता. मनात म्हटलं, घाबरला. न्यायाधीशांनी एकच प्रश्न विचारला: जिना चढून आल्यावर आपण रोज कुठे बसता? खालच्या मजल्यावरच्या शिंपिणबाईंनी खालच्या कोर्टातल्या साक्षीत सगळं सांगून ठेवलं होतं. मी पान एक्कावन्न शोधत राहिलो. साहेब म्हणाले, अपील यशस्वी होण्याची वाजवी शक्यता दिसत नाही. शिक्का शागिर्दाने सरळ मारला. मीच शिकवलेला.

दुपारी १
तीन मजले चढलो, टेकायला गेलो, तर कपाट नाही. भिंतीवर नुसता त्याचा पांढरट चौकोन. धपकन पायरीवर बसलो. बायको म्हणाली, दादाने सकाळीच एकट्याने ओढत आत नेलं. निकाल काहीही लागो, धाकट्याला एवढा जाच होतो तर नकोच ते, असं म्हणाला.
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

दुपारी २
दादाचं दार वाजवलं. एकशे बारा पानांतलं एकही वाक्य कामाला येईना. शेवटी म्हटलं, दादा, कपाट बाहेर ठेव. तो म्हणाला, नेलं एकट्याने, आता कंबर धरली. मग दुसऱ्या बाजूने मी उचललं.
त्यावरच बसून हे लिहितोय. शेजारी दादा बसलाय.
वाट थोडी अडतेच, हे माझं मत मात्र कायम आहे.