धोतराची प्रकृती उत्तम आहे

दारव्हा, बुधवार

चि. केतकीस बाबांचे अनेक आशीर्वाद.

पोस्टाने आलेलं पत्र पाहून दचकू नकोस, वाईट बातमी नाही. पुण्याची हवा, तुझी सर्दी आणि तुझ्या मैत्रिणीच्या हातचा उपमा, ही तिन्ही आता सुधारली असतील अशी आशा करतो. माझी प्रकृती उत्तम असल्याचं तुझा मोबाइल तुला रोज संध्याकाळी कळवतोच. त्याच विधानाची थोडी चिकित्सा करावी म्हणून हा कागद घेतला.

तुझी आई गेल्यावर, बाबा घरात एकटे म्हणून, तू तुमच्या कंपनीचा कॅमेरा अंगणात लावलास. तेव्हा तो अगदी मठ्ठ होता. (माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर शोभला असता.) माझ्याभोवती हिरवी चौकट काढून तो माझ्या मागे मागे यायचा. पण मी पेरूच्या झाडाआड गेलो, किंवा शाळेतून येऊन पँट उतरवून धोतर नेसलो, की त्याच्या लेखी मी या लोकातून नाहीसा. लगेच तुझा फोन: "बाबा, कुठे आहात?" मी पेरूच्या मागे. दिवसातून चार वेळा. सत्तावीस वर्षं मी संस्कृत शिकवतो आहे आणि मुलांची हजेरी घेतो आहे, पण माझी हजेरी इतक्या आस्थेने कोणी घेतली नव्हती. (झाडाला तेव्हा एकही पेरू नव्हता, हे आता कबूल करायला हरकत नाही.)

मग दिवाळीत तू आलीस, दोन दिवस माझ्याऐवजी लॅपटॉपशी बोललीस आणि त्याला शहाणं करून गेलीस. "आता तो क्षणाक्षणाला तुमचं नवं रूप शिकतो, बाबा. कपडे बदला, पाठ फिरवा, तो तुम्हाला सोडणार नाही." खरोखरच सोडलं नाही. मी हरवेनासा झालो आणि तुझा फोनही येईनासा झाला. त्याच्या जागी रोज संध्याकाळी एक पिवळा अंगठा येतो. मीही उलट अंगठा पाठवतो. बापलेकीचा संवाद असा उत्तम चालू आहे.

तर गेल्या गुरुवारी मी धोतर धुऊन अंगणातल्या दोरीवर वाळत घातलं आणि त्याच्या आडून घरात आलो. तुझा शिष्य माझं नवं रूप शिकतच होता. पांढरं, लांब, किंचित हलणारं! त्याने ते शिकून घेतलं आणि चौकट दोरीवरच राहिली. धूर दिसला की अग्नीचं अनुमान करावं, हे आम्ही शिकलो. धोतर दिसलं की बापाचं अनुमान करावं, हा तुमच्या कंपनीचा नव्य न्याय. दोन दिवस वारा चांगला होता. "आज हालचाल समाधानकारक," असं तुला कळलं. शुक्रवारी तर तू लिहिलंस, "वा बाबा, सात तास!" धोतराच्या वतीने मी आभार मानले.

मी त्या वेळी आतल्या खोलीत दोन पांघरुणांखाली होतो. ताप होता, थोडासा. (थोडासा म्हणजे एकशे तीन. बापाच्या भाषेत हा थोडासाच.) फोन हातात घेतला होता, पण सात तास चाललेल्या माणसाने आजारी आहे म्हणून कसं सांगावं? तुझा अंगठा खोटा पाडणं जिवावर आलं.

शनिवारी सकाळी शेजारच्या सत्यभामाबाई दार लोटून आत आल्या. "काहून जी सर, दोन दिस झाले, धोतर दोरीवरच हाय! तुमी तं सांजच्याले घडी करून आत नेता. मले वाटलं, काही तरी बिनसलं." मग माझ्या कपाळाला हात लावून पाहून त्या बाहेर गेल्या आणि कॅमेऱ्याला फैलावर घेतलं: "माणूस आत कण्हून राह्यला, अन् तू कायले धोतर पाहून राह्यला रे?" त्याची चौकट आता त्यांच्या हिरव्या लुगड्यावर सरकली होती. त्या दिवशी तुझ्या बापाने दोन वेळा मुगाची पेज, एक वेळ कण्या आणि बाजारातून औषध आणलं, तेही तुझ्या नोंदीत असेल.

बाकी सर्व क्षेम. कामात खंड पाडून येऊ नकोस. तुझी नोकरी महत्त्वाची आहे.

तुझा,
बाबा

ता. क. त्या यंत्राला आणखी शहाणं करू नकोस, एवढीच विनंती. उलट जमल्यास त्याला पुन्हा पूर्वीसारखं मठ्ठ कर. रोज नको. आठवड्यातून एकदा, रविवारी दहाच्या सुमारास, मी हरवलो असं त्याला वाटलं तरी पुष्कळ. मी पेरूच्या मागे उभा राहीन.

पुन्हा ता. क. ताप आता नाही. विश्वास बसत नसेल तर सत्यभामाबाईंना विचार. त्यांचा नंबर मुद्दामच देत नाही. दिला तर तू त्यांनाच फोन करशील.